नोटिफिकेशन उशिरा आणि एकदम गठ्ठ्याने येतात

रातकिडा

मंडळी, डोकं भंजाळलंय. आमच्या सर्व्हरवर काही बिघडलं की माझ्या अँड्रॉइड फोनवर एका अ‍ॅपमधून अलर्ट येतो, आणि रात्री त्याकडे बघायची जबाबदारी माझी. हल्ली हा अलर्ट कधी जागच्या जागी येतो, तर कधी दहा-पंधरा मिनिटांनी. उशीर झाला की मग चार-पाच एकदम धपाधप येऊन पडतात. ऑफिसच्या चॅटचंही तसंच. दिवसा बाहेर असताना मात्र सगळं कसं सुरळीत!

बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद केलंय, बॅकग्राउंड डेटा चालू आहे, अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं, फोन रीस्टार्ट तर रोजच होतो. ढिम्म फरक नाही. फॅक्टरी रीसेट मारायच्या आधी विचारून घेतो.

उंटावरचा

यात शोधायचंय काय? काही कंपन्या बॅटरी वाचवायच्या नावाखाली मागे चाललेलं सगळं मारून टाकतात. सेटिंगमध्ये ऑटोस्टार्ट चालू करा, रीसेंट्समध्ये त्या अ‍ॅपला कुलूप लावा. विषय संपला.

कळफलक

उंटावरचे भाऊ, नावाला जागलात! विषय इतक्यात संपत नाही. त्यांनी बॅटरीचं सगळं आधीच करून पाहिलंय.

रातकिडा, दोन प्रश्न. उशीर होतो तेव्हा फोन चार्जरवर असतो का? आणि नोटिफिकेशन खरंच उशिरा येतं, की वेळेवर येऊन गप्प बसतं?

दुसरा प्रश्न बावळट वाटेल, पण निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. अँड्रॉइड ८ पासून (२०१७) प्रत्येक अ‍ॅपच्या नोटिफिकेशनचे वेगवेगळे चॅनल असतात. त्यातला एखादा 'सायलेंट' झाला, की नोटिफिकेशन वेळेवर येतं, पण आवाज नाही, थरथर नाही. माणूस अर्ध्या तासाने फोन उचलतो आणि म्हणतो, उशिरा आलं. कधी तरी नोटिफिकेशन दाबून धरताना चुकून 'सायलेंट'वर बोट पडलेलं असतं. अँड्रॉइड ११ पासून नोटिफिकेशन हिस्टरी आहे, ती चालू करून ठेवा. फोनवर प्रत्यक्ष कधी उतरलं ते तिथे दिसतं.

रातकिडा

हिस्टरी चालूच आहे. सर्व्हरच्या नोंदीशी वेळ ताडून पाहिली, खरोखरच उशीर आहे. आणि हो, रात्री फोन उशाशी चार्जरवरच असतो.

कळफलक

मग डोझ बिचारा निर्दोष आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी नको.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अँड्रॉइड ६ मध्ये, म्हणजे २०१५ साली, गूगलने डोझ आणलं. फोन चार्जरवर नाही, स्क्रीन बंद आहे आणि काही वेळ हललेला नाही, असं जुळून आलं की अ‍ॅपचं नेटवर्क आणि मागची कामं थांबवली जातात. मधून मधून थोडा वेळ खिडकी उघडते, साचलेलं उरकून घेतलं जातं, पुन्हा झोप. फोन जितका जास्त वेळ पडून राहील तितक्या या खिडक्या लांब लांब जातात. पुढच्या वर्षी अँड्रॉइड ७ मध्ये याची सौम्य आवृत्ती आली, ती फोन खिशात हलत असतानाही लागू होते.

पण दोन्हींची पहिली अट एकच, फोन चार्जरवर नसावा. त्यामुळे चाचणी सोपी आहे. फोन चार्जरला लावून स्क्रीन बंद करून ठेवा. तरीही उशीर होत असेल तर डोझच्या नावाने खडे फोडण्यात अर्थ नाही. वेळेवर यायला लागलं तर मात्र बॅटरीच्या सेटिंगमध्ये शिरा. अँड्रॉइड १२ पासून प्रत्येक अ‍ॅपला 'अनरिस्ट्रिक्टेड', 'ऑप्टिमाइज्ड' आणि 'रिस्ट्रिक्टेड' अशा तीन पायऱ्या असतात, त्यातली पहिली निवडा.

आता रातकिडांसाठी तिसरा प्रश्न. रात्री फोन घरच्या वायफायवर असतो ना? एक रात्र फक्त मोबाइल डेटावर काढून बघा.

मधुमालती

मध्येच घुसते, माफ करा. माझ्या आयफोनवर जीमेलचे मेल तासातासाने येतात, किंवा मेल अ‍ॅप उघडलं की मगच. हेही त्यातलंच का? मी तर सवयीने सगळी अ‍ॅप्स वर सरकवून बंद करते, त्याने होत असेल का?

चष्मिष्ट

नाही ताई, तुमचं दुखणं वेगळं आहे. आयफोनच्या स्वतःच्या मेल अ‍ॅपमध्ये जीमेलला पुश नाहीच, फेच आहे. म्हणजे सर्व्हर काही कळवत नाही, फोनच ठरलेल्या वेळाने जाऊन विचारतो, काही आलंय का? मेल अकाउंटच्या सेटिंगमध्ये 'फेच न्यू डेटा' बघा. तिथे १५ मिनिटं, ३० मिनिटं, तासाने किंवा मॅन्युअल असे पर्याय असतात. 'ऑटोमॅटिकली' असेल तर मागची विचारपूस मुख्यतः फोन चार्जरवर आणि वायफायवर असतानाच होते. तुमचं बहुतेक त्यावर किंवा 'तासाने'वर असेल. लगेच हवं असेल तर गूगलचं जीमेल अ‍ॅप टाका, त्याला खरं पुश येतं.

वर सरकवून बंद करण्याबद्दल: आयफोनवर त्याने दिसणारी नोटिफिकेशन थांबत नाहीत, ती अ‍ॅपल परस्पर दाखवतो. गुपचूप येऊन अ‍ॅपला मागच्या मागे जागं करणारे पुश मात्र तसं बंद केलेल्या अ‍ॅपपर्यंत जात नाहीत. म्हणून कधी कधी नोटिफिकेशन येतं, पण अ‍ॅप उघडल्यावर आतला मजकूर यायला वेळ लागतो.

आणि एक, 'शेड्यूल्ड समरी' चालू आहे का ते बघा. आयओएस १५ पासून (२०२१) आहे. ती चालू असली की त्यातल्या अ‍ॅप्सची नोटिफिकेशन ठरलेल्या वेळी एकगठ्ठा दाखवली जातात. फोन नवा घेतल्यावर 'कंटिन्यू, कंटिन्यू' करत ती चालू करून बसलेले लोक पाहिलेत.

मधुमालती

समरी चालू होती! चालू कधी केली देव जाणे. फेचसुद्धा 'तासाने'वर होतं. दोन्ही बदललं, आभार. आता तुमचं चालू द्या, वाचतेय.

उंटावरचा

बरं, डोझ नाही. पण कंपनीची स्वतःची बॅटरीवाली कारागिरी चार्जरवरही चालू असू शकते की. माझ्या आधीच्या फोनवर अ‍ॅप रीसेंट्समधून उडवलं की थेट फोर्स स्टॉप व्हायचं. ते पुन्हा उघडेपर्यंत एकही नोटिफिकेशन नाही.

कळफलक

हा मुद्दा बरोबर आहे. फोर्स स्टॉप केलेल्या अ‍ॅपला अँड्रॉइड पुश पोचवतच नाही, ते हाताने उघडावं लागतं. अँड्रॉइड १२ पासूनचं हायबरनेशनही तसलंच. काही महिने न उघडलेलं अ‍ॅप फोन स्वतःहून गोठवतो, आणि मग कितीही तातडीचा निरोप असो, तो पोचत नाही. क्वचित लागणारी अ‍ॅप्स यात हमखास सापडतात. अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर तळाशी, वापर नसेल तर थांबवा अशा अर्थाचं बटण असतं, ते बंद करून टाकायचं.

पण लक्षणं बघा. फोर्स स्टॉप असेल तर निरोप अजिबात येत नाही. रातकिडांचे येतात, फक्त उशिरा, आणि दोन वेगळ्या अ‍ॅप्सचे एकाच वेळी. दोन अ‍ॅप्स एकदम आजारी पडली तर दोघांत सामाईक काय, ते आधी शोधायचं.

रातकिडा

मोबाइल डेटावर रात्र काढली. अलर्ट आले आणि सगळे सेकंदांत! आज पुन्हा वायफाय लावलं तर परत तेच. म्हणजे वायफायच का? पण त्याच वायफायवर व्हिडिओ उत्तम चालतात, वेग भरपूर आहे.

जुना_रेडिओ

वेगाचा इथे काही संबंध नाही. नेटवर्कचं काम करतो म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

अँड्रॉइडवर प्रत्येक अ‍ॅप आपापल्या सर्व्हरशी तार जोडून बसत नाही. गूगल प्ले सर्व्हिसेस एकच जोडणी कायम उघडी ठेवते, आणि एफसीएम (फोनपर्यंत निरोप पोचवणारी गूगलची सेवा) वापरणाऱ्या सगळ्या अ‍ॅप्सचे पुश त्या एकाच जोडणीवरून येतात. ही जोडणी सहसा ५२२८ या पोर्टवर, म्हणजे क्रमांकित दारावर, असते (५२२९ आणि ५२३०सुद्धा ठेवलेले आहेत, आणि ते अडले तर ४४३). आयफोनचंही तत्त्व तेच, तिथे पोर्ट ५२२३ आणि पर्याय ४४३. दोन अ‍ॅप्स एकदम का रखडली, याचं उत्तर इथेच आहे.

आता ही जोडणी बहुतेक वेळ नुसती उघडी असते, तिच्यावरून काही जात-येत नसतं. मध्ये बसलाय तुमचा राउटर. घरातल्या कुठल्या यंत्राची कुठल्या सर्व्हरशी जोडणी आहे, याचा तक्ता तो ठेवतो. ठरावीक वेळ एखाद्या जोडणीवर हालचाल दिसली नाही की तिची ओळ तक्त्यातून खोडून टाकतो. आणि खोडताना कोणालाच सांगत नाही! फोन समजतो जोडणी आहे, गूगलही समजतं जोडणी आहे. गूगलकडून निरोप निघतो, राउटरच्या दारात येतो, राउटरला कळत नाही हा कोणासाठी, आणि तो टाकून देतो.

फोनला हे कळतं कधी? मधून मधून तो 'जिवंत आहे ना?' म्हणून एक छोटा ठोका पाठवतो, त्याला हार्टबीट म्हणतात. उत्तर आलं नाही की जुनी जोडणी सोडून नवी करतो, आणि गूगलकडे साचलेलं सगळं भसकन खाली येतं. हाच तुमचा गठ्ठा. गूगलच्या या सेवेचा ठोका बराच काळ वायफायवर १५ मिनिटांचा आणि मोबाइल डेटावर २८ मिनिटांचा म्हणून ओळखला जायचा. तुमचा उशीरही पाव तासाच्या आतलाच आहे, म्हणून मला दाट संशय आहे.

व्हिडिओ चांगला चालतो कारण त्या जोडणीवर सतत वर्दळ असते. तिची ओळ खोडायची वेळच येत नाही.

एक चाचणी करा. अलर्ट यायला हवा होता आणि आला नाही असं दिसलं, की स्क्रीन चालू करा पण अ‍ॅप उघडू नका. एक-दोन मिनिटं थांबा. तरीही आला नाही तर वायफाय बंद करून पुन्हा चालू करा. त्या क्षणी गठ्ठा पडला तर जोडणी मेलेली होती.

चष्मिष्ट

भारी प्रतिसाद. यात भर घालतो. फोनच्या डायलरमध्ये *#*#४२६#*#* दाबून बघा, आकडे अर्थात इंग्रजी कळांचेच. बऱ्याच फोनवर एफसीएमचं तपासणीचं पान उघडतं. (कीपॅडवर ४, २, ६ म्हणजे जी, सी, एम. सेवेचं नाव जीसीएम होतं तेव्हाचा कोड.) जोडणी चालू आहे का, कुठल्या सर्व्हरशी, ठोका किती वेळाने, हे तिथे दिसतं. 'इव्हेंट्स'मध्ये जोडणी तुटल्याच्या आणि पुन्हा जुळल्याच्या नोंदी वेळेसकट असतात.

प्रायव्हेट डीएनएसवर (इंटरनेटवरचे पत्ते शोधून देणारी सेवा निवडायचं फोनचं सेटिंग) जाहिराती अडवणारं काही लावलं असेल तर तेही बघा. एमटॉक डॉट गूगल डॉट कॉम हा पत्ता अडवला गेला की पुश बंदच पडतं, आणि मग अ‍ॅप उघडल्यावरच निरोप दिसतात. व्हीपीएन असेल तर चाचणीपुरतं तेही बंद ठेवा.

रातकिडा

डीएनएस, व्हीपीएन काही नाही. ते पान मात्र उघडलं!

वर हिरव्या अक्षरांत जोडणी चालू असल्याचं दिसतं. खाली इव्हेंट्स बघितले तर दिवसाच्या, म्हणजे मोबाइल डेटाच्या काळात नोंदी तुरळक. घरी आल्यापासून बघावं तर तुटली, जुळली, तुटली, जुळली, अशी रांगच लागलीय, आणि दोन तुटण्यांमधलं अंतर जवळपास सारखं, त्या पानावर दिसणाऱ्या ठोक्याच्या वेळेइतकंच. वायफाय बंद-चालूची चाचणीही केली. स्क्रीन चालू, काही नाही, वायफाय बंद करून चालू केलं आणि तीन अलर्ट एकामागोमाग.

जुना_रेडिओ

सापडलं. राउटरच्या पानावर लॉगिन करा आणि फायरवॉल, नॅट (जोडण्यांचा तो तक्ता सांभाळणारा भाग) किंवा अ‍ॅडव्हान्स्ड अशा कुठल्या तरी कोपऱ्यात 'टीसीपी टाइमआउट', 'एस्टॅब्लिश्ड टाइमआउट' किंवा 'सेशन टाइमआउट' शोधा. (टीसीपी म्हणजे इंटरनेटवर अशी जोडणी ठेवण्याची पद्धत.) आकडा बहुधा सेकंदांत असतो.

संदर्भासाठी: आरएफसी ५३८२ (इंटरनेटच्या नियमांचा एक दस्तऐवज, २००८) म्हणतो की चालू टीसीपी जोडणी निष्क्रिय असली तरी नॅटने ती किमान २ तास ४ मिनिटं, म्हणजे ७४४० सेकंद, लक्षात ठेवावी. हा विचित्र आकडा आला कुठून, तर टीसीपीचा स्वतःचा 'जिवंत आहे का' विचारण्याचा ठरलेला काळ २ तासांचा, त्यावर थोडी सवलत. लिनक्सचा मूळ आकडा तर ४३२०००, चक्क पाच दिवस. पण स्वस्तातल्या राउटरची मेमरी तोकडी असते. तक्ता भरू नये म्हणून हा आकडा पार काही मिनिटांवर आणून ठेवलेला असतो.

उंटावरचा

आणि जगभरचे लोक फोनची बॅटरी सेटिंग उलटीपालटी करत बसलेत. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

(तरी ऑटोस्टार्ट चालू ठेवा हो.)

दोन_खिडक्या

मी अ‍ॅप बनवते, म्हणजे निरोप पाठवणाऱ्या बाजूला बसते. इथे आमच्या बाजूचं कोणीच बोललेलं नाही, म्हणून थोडं.

एफसीएमवर निरोप पाठवताना आम्ही प्राधान्य ठरवतो, हाय किंवा नॉर्मल. हाय असेल तर झोपलेल्या फोनलाही उठवलं जातं. नॉर्मल असेल तर डोझमध्ये तो खिडकी उघडेपर्यंत थांबतो. अ‍ॅपवाल्याने अलर्ट नॉर्मलने पाठवला असेल तर वापरणाऱ्याने सेटिंगमध्ये कितीही डोकं आपटलं तरी फारसा उपयोग नाही, अ‍ॅपवाल्यालाच लिहावं लागतं. उलट सगळंच हायने पाठवायची चलाखीही चालत नाही. हाय निरोप येऊनही वापरणाऱ्याला काही दिसत नाही असं वारंवार झालं, की गूगल त्या अ‍ॅपचे निरोप नॉर्मलवर उतरवू शकतं.

दुसरं म्हणजे मुदत. निरोप किती वेळ सांभाळून ठेवायचा हे आम्ही सांगू शकतो. काही न सांगितलं तर एफसीएम २८ दिवस ठेवतं. म्हणून फोन दोन-तीन आठवडे बंद ठेवून चालू केला की शिळ्या सवलतींच्या जाहिराती कोसळतात! लॉगिनला मंजुरी मागणारे निरोप मात्र कमी मुदतीचे ठेवायचे असतात, ते उशिरा पोचण्यापेक्षा न पोचलेले बरे.

शिवाय, ऑफलाइन फोनसाठी एका अ‍ॅपचे १०० पेक्षा जास्त निरोप साचले (एकमेकांची जागा घेणारे वगळून) तर एफसीएम ते सगळेच टाकून देतं आणि अ‍ॅपला फक्त 'काही हुकलंय, सर्व्हरला विचार' इतकं कळवतं. रातकिडांच्या कामात हे महत्त्वाचं आहे. मोठा बिघाड झाला की अलर्टचा पाऊस पडतो, आणि नेमका तेव्हाच फोन रेंजबाहेर असतो.

कळफलक

ऑफिस चॅटबद्दल एक विचारायचं राहिलं. लॅपटॉपवर तेच चॅट उघडं असतं का? बऱ्याच ऑफिस चॅटमध्ये अशी सोय असते की तुम्ही लॅपटॉपवर आहात तोवर फोनला कळवायचं नाही, लॅपटॉप काही मिनिटं निवांत पडला की मग. हा बिघाड नाही, मुद्दाम ठेवलेला उशीर. त्या अ‍ॅपच्याच नोटिफिकेशन सेटिंगमध्ये बदलता येतो.

रातकिडा

राउटरमध्ये आकडा सापडला. फायरवॉलच्या आत आणखी एका पानात लपला होता, ३०० सेकंद! ७४४० केला, राउटर रीस्टार्ट केला. त्यानंतर इव्हेंट्समध्ये नोंदींची रांग थांबलीय आणि अलर्ट वायफायवरही वेळेवर येतायत.

चॅटचे मात्र अजूनही दोन-तीन मिनिटांनी येतात. कळफलक, तुमचा अंदाज बरोबर, लॅपटॉपवर उघडंच असतं. सेटिंग 'लगेच'वर केलंय, बघतो आता.

दोन_खिडक्या, तुमच्या प्रतिसादाने झोप उडाली. शंभरची मर्यादा खरंच माहीत नव्हती.

दोन_खिडक्या

मग एक करून टाका. तुमच्या अलर्टच्या व्यवस्थेत, पुश पाठवल्यावर काही मिनिटांत कोणी 'बघतो' असं दाबलं नाही तर थेट फोन कॉल जावा, अशी पायरी बहुतेक ठिकाणी असते. ती चालू करा. पुश पाठवणाऱ्या कुठल्याच सेवेचा पोचण्याच्या वेळेचा शब्द नसतो, कॉलचा मार्ग निदान वेगळा आहे. आणि डू नॉट डिस्टर्बमध्ये त्या नंबरला अपवाद करून ठेवा, नाहीतर कॉलही गप्पच येईल.

मधुमालती

माझ्याकडचा राउटर इंटरनेट देणाऱ्यांचा आहे, आत शिरायचा पासवर्ड त्यांनी दिलेला नाही. घरातल्या एका अँड्रॉइड फोनवर हेच वर लिहिलेलं सगळं दिसतंय, ४२६ वालं पानसुद्धा तसंच. काय करायचं?

जुना_रेडिओ

आधी त्यांच्याकडे तक्रार करा, पण 'नोटिफिकेशन उशिरा येतात' असं म्हणू नका, ते फोन रीस्टार्ट करायला सांगून मोकळे होतील. 'राउटरचा टीसीपी एस्टॅब्लिश्ड टाइमआउट किमान ७४४० सेकंद करून द्या' असं लिहूनच द्या. ठोके लवकर लवकर पाठवायला लावणारी अ‍ॅप्स मिळतात, पण बॅटरी खातात आणि नव्या अँड्रॉइडवर त्यांचा भरवसा नाही, त्या वाटेला जाऊ नका.

ते नाहीच म्हणाले तर स्वतःचा एक राउटर घ्या आणि त्यांचा फक्त ब्रिज मोडवर ठेवायला सांगा, म्हणजे तक्ता तुमच्याच राउटरकडे राहील. नुसता त्यांच्या राउटरमागे तुमचा जोडलात तर मात्र दोन तक्ते होतील, आणि त्यांचा राउटर आधीसारखाच ओळी खोडत बसेल.

मधुमालती

ब्रिज मोड. लिहून घेतलं. उद्या फोन करते त्यांना.